कणगीतले धान्य आणि मनगटावरचे दोरे

तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच माझ्या मावसभावाने विचारले, "ताई, माझ्या पाच गाई विकल्या तर काय मिळेल?" प्रश्न साधा होता. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये असे प्रश्न सतत येतात आणि खेळ चालवणाऱ्याने समोरच्या किंमतसूचीत पाहून आकडा सांगायचा असतो. माझ्याकडे किंमतसूची होतीही. पण त्याचे पात्र ज्या गावात उभे होते तिथे बाजार नव्हता, नाणे नव्हते आणि गाईंच्या बदल्यात देण्याजोगे कोणाकडे काही नव्हते. शेजाऱ्याकडे होत्या त्याही गाईच, कुंभारणीकडे मडकी होती, आणि बाकीच्यांच्या घरांत पुढच्या सुगीपर्यंत जेमतेम पुरतील एवढे जव. मी फासे खाली ठेवले आणि त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबवला. त्यानंतर दोन महिने आम्ही नियमांची जी मोडतोड केली आणि पुढे वर्षभर जे खेळलो, त्याची ही हकिकत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, एक जण सगळे जग आणि त्यातली उरलेली माणसे चालवतो, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकतात. हीच पात्रे घेऊन महिनोन्महिने चालणाऱ्या सलग कथेला कॅम्पेन म्हणतात. आमचे कॅम्पेन मी इनामगावात मांडले होते. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, ताम्रपाषाण युगातल्या, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांचे जे गाव डेक्कन कॉलेजच्या उत्खननातून १९६८ ते १९८३ या काळात उजेडात आले, तेच हे इनामगाव. इ.स.पू. १६०० च्या सुमारास तिथे वस्ती झाली आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास ती उठली. मी निवडलेला काळ इ.स.पू. १००० च्या आसपासचा. त्या सुमारास पाऊसमान घटले, या शेतकऱ्यांची, म्हणजे जोर्वे संस्कृतीची, बहुतेक गावे ओस पडली, आणि इनामगाव मात्र गरिबीत का होईना पुढची तीनशे वर्षे टिकून राहिले. गाव कशाच्या बळावर टिकते हा प्रश्न मला खेळून पाहायचा होता.

माझ्याबरोबर खेळणारे चौघे. त्या लोकांना लिपी नव्हती, त्यामुळे त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. आम्ही पात्रांना त्याच मातीतल्या झाडापाखरांची नावे दिली. मावसभावाने हिवर हे पात्र घेतले. गावाचा जो प्रमुख, ज्याला आम्ही थोरला म्हणत होतो, त्याचा हा पुतण्या. माझी महाविद्यालयापासूनची मैत्रीण बँकेत काम करते. तिने टिटवी नावाची कुंभारीण घेतली. शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी खैर नावाचा मेंढपाळ झाला. चौथे आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांचा सांबर हा तांबे आणि शंख घेऊन गावोगाव हिंडणारा माणूस होता.

सुरुवातीला आम्ही एका तयार नियमावलीवर खेळत होतो. तिच्यात प्रत्येकाला शंभर गुण मिळतात आणि त्यांतून बळ, कौशल्य, श्रीमंती आणि दर्जा विकत घ्यायचा असतो. श्रीमंती आणि दर्जा या तिथे दोन वेगळ्या ओळी आहेत: श्रीमंती म्हणजे हातात किती पैसा, दर्जा म्हणजे लोक किती वाकून बोलतात. सरंजामी राज्य असो की आजचे शहर, ही पद्धत चांगली चालते, कारण तिथे कफल्लक सरदार आणि गबर वाणी हे दोन्ही खरेच असतात. मी फक्त नाण्यांच्या जागी गाई लिहिल्या आणि काम भागले असे समजले. हिवरने गुण खर्चून चाळीस गाई, तांब्याची एक कुऱ्हाड आणि गावातला दुसऱ्या क्रमांकाचा दर्जा घेतला. टिटवीने हाताच्या कसबावर सगळे गुण घातले, त्यामुळे तिच्या पदरी दारिद्र्य आले.

पहिली अडचण बाजाराची होती. दुसरी अडचण त्याहून नाजूक होती आणि ती टेबलाभोवतीच्या माणसांची होती. दुसऱ्याच सत्रात टिटवीच्या घरातले धान्य संपले. हिवरने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "माझ्यातले घे की, किती हवे तेवढे." तिने घेतले, आकडा इकडून खोडून तिकडे लिहिला, आणि दोघेही पुढच्या प्रसंगाकडे वळले. हा प्रसंग मी नंतर कितीदा तरी आठवला आहे. चार मित्र एकत्र खेळत असतात, त्यांना एकमेकांची पात्रे जगवायची असतात, म्हणून ते सगळे एकाच पिशवीतून खर्च करतात. आणि त्या चांगुलपणात श्रीमंत आणि गरीब हा भेदच पुसला जातो. गावप्रमुखाच्या घरचे धान्य एका कुंभारणीने घेतले आणि त्यातून काहीच झाले नाही, कोणी कोणाचे लागले नाही, कोणाला ते कळलेही नाही. गावगाड्यात वाढलेल्या कोणत्याही आजीला विचारावे. पायलीभर दाणे शेजारून आणले की ते परत जाईपर्यंत तिला झोप लागत नसे.

त्या दोन महिन्यांत मी इनामगावाविषयी जे हाती लागेल ते वाचून काढले आणि आम्ही सगळे एकदा डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातही जाऊन आलो. जोर्वे पद्धतीची तांबूस, काळ्या रेघांनी रंगवलेली, तोटीची भांडी काचेपलीकडे पाहताना टिटवीची भूमिका करणारी माझी मैत्रीण बराच वेळ एका भांड्यापुढून हलली नाही. तोटी आणि पोट जिथे जुळते तिथली माती बोटाने दाबून बसवावी लागते, हे तिने आम्हांला दाखवले. तिच्या पात्राचे हात तिला त्या दिवशी सापडले असे मला वाटते.

मला जे सापडले ते घरांच्या मांडणीत होते. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे शंभराहून अधिक घरे उकलली. त्यांत कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारे अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती आणि सुस्थितीतल्या शेतकऱ्यांची मध्यभागी. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या एका मोठ्या भांड्यात एक पुरुष मांडी घातलेल्या स्थितीत पुरलेला सापडला. गावातल्या इतर प्रौढ माणसांना उताणे पुरत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. मृताने उठून चालू लागू नये हा त्यामागचा हेतू, असा अर्थ लावला जातो. भांड्यातल्या या माणसाची पावले मात्र शाबूत होती.

कोठार आणि पावले, या दोन गोष्टींनी माझे सगळे नियम बदलले. प्रमुखाचे घर नाण्यांच्या पेटीशेजारी नव्हते किंवा शस्त्रांच्या ढिगाशेजारी नव्हते, ते धान्याशेजारी होते. आणि धान्य ही संपत्ती म्हणून मोठी अवघड वस्तू आहे. ती साठवता येते, पण फार काळ नाही. ओल लागते, उंदीर लागतात, टोके पडतात. ज्याच्या घरात सर्वांत जास्त धान्य त्याचे सर्वांत जास्त धान्य सडते. मग अशी संपत्ती टिकवायची कुठे? ज्या समाजात नाणे नाही तिथे धान्य टिकवण्याची एकच सुरक्षित जागा असते, ती म्हणजे दुसऱ्याचे पोट. आज दिलेले धान्य उद्या कुजत नाही, घेणाऱ्याच्या मनात ते राहते. म्हणजे श्रीमंती आणि दर्जा या दोन वेगळ्या ओळी नव्हत्याच. दिल्यानंतर श्रीमंतीचेच दर्ज्यात रूपांतर होत होते, आणि दिल्याशिवाय ती श्रीमंती नुसती उंदरांची होती.

हे कागदावरच्या आकड्यांनी खेळता येणार नाही हे मला उमगले होते. आकडा खोडून दुसरा लिहिताना हाताला काही जाणवत नाही. म्हणून मी दुकानातून अर्धा किलो जव आणले, प्रत्येक घरापुढे एक वाटी ठेवली आणि दाणे मोजून घातले. थोरल्याच्या वाटीत एकशे वीस, साध्या घराच्या वाटीत चाळीस, टिटवीच्या वाटीत पंधरा. जनावरांसाठी चिंचोके घेतले. वर्षाचे तीन ऋतू, एका ऋतूत एका घराला दहा दाणे खायला लागत, आणि ऋतू संपला की एक फासा टाकून, वाटीतल्या दर वीस दाण्यांमागे फाशावर येईल तेवढे दाणे नासले म्हणून काढून घ्यायचे. पहिल्याच पावसाळ्यात फाशावर सहा पडले. थोरल्याच्या वाटीतून छत्तीस दाणे मी एकेक करून बाहेर काढले आणि टेबलावर निराळे ठेवले. तीन घरांचा ऋतूभराचा घास होता तो. हिवर खेळणारा माझा भाऊ त्या ढिगाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हे मी आधीच वाटून टाकायला हवे होते." इतके दिवस मी जे समजावून सांगत होते ते छत्तीस दाण्यांनी एका मिनिटात सांगितले.

दिल्या-घेतल्याच्या नोंदीसाठी मी दोऱ्यांची रिळे आणली. ही प्रथा आमची, इनामगावची नव्हे. तिथल्या मातीत असे काही सापडलेले नाही. प्रत्येक घराला एक रंग दिला. कोणी कोणाकडून धान्य, जनावर किंवा मदत घेतली आणि त्याच ऋतूत परत करता आली नाही, तर घेणाऱ्याने आपल्या रंगाचा दोरा देणाऱ्याला द्यायचा आणि देणाऱ्याने तो मनगटावर बांधायचा. माणसाचा दर्जा म्हणजे त्याच्या मनगटावर किती वेगवेगळ्या घरांचे दोरे आहेत तो आकडा. एकाच घराचे दहा दोरे असले तरी ते एकच मोजायचे, कारण एका घराला दहा वेळा खाऊ घालणारा त्या घराचा पोशिंदा असतो, गावाचा पुढारी होत नाही. गावाची बैठक भरली की जास्त दोऱ्यांचा माणूस आधी बोलणार. ही बैठक आम्ही गाईंच्या गोठ्यापाशी भरवत होतो. त्याला एक कारण होते, जे मला फार आवडते: आपला 'गोष्ट' हा शब्द 'गोष्ठी'पासून आला आणि गोष्ठी 'गोष्ठ' म्हणजे गाईंच्या गोठ्यापासून.

दोरा वापरायचा कसा याचा नियम मी गावाकडच्या इर्जिकेवरून बेतला. शेतकरी नांगरटीसाठी शेजाऱ्यांना बैलांसकट बोलावतो, मजुरी कोणी मागत नाही, संध्याकाळी सगळ्यांना पोटभर जेवण असते, आणि पुढे ज्याच्याकडे इर्जीक असेल त्याच्याकडे सगळ्यांनी जायचे असते. आमच्या खेळात हिवरला काम करून घ्यायचे असेल तर त्याने मनगटावरचा दोरा सोडून त्याच्या धन्याला परत द्यायचा आणि म्हणायचे, "चल." मग नकार देता येत नसे. पण दोरा सोडला की दर्जाही तेवढा उतरला. पुराचे पाणी शेताकडे वळवण्यासाठी इनामगावात बांध आणि पाट काढलेला होता. तो पाट उपसण्याचे काम खेळातल्या दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आले तेव्हा हिवरला चुलत्याच्या वतीने एकाच दिवशी सात दोरे सोडावे लागले. पाट वाहू लागला आणि थोरल्याचे मनगट जवळजवळ मोकळे झाले. सुगी चांगली आली, त्याने जेवणावळ घातली, आणि दोरे पुन्हा चढले. दर्जा असा वर्षभर श्वासासारखा वरखाली होत राहिला, आणि तयार नियमावलीतला एकदा विकत घेतला की कायमचा चिकटणारा दर्जा मला त्यानंतर निर्जीव वाटू लागला.

मावसभावाने मध्येच सुचवले होते की कारागिरांना सुगीला ठरलेले बलुते द्यावे म्हणजे हिशोब सुटसुटीत होईल. मी ते घेतले नाही. बलुतेदारी ही फार पुढच्या काळातली, जातींनी बांधलेल्या गावाची व्यवस्था आहे. ज्या कुंभाराचा वाटा जन्माने ठरलेला आहे तो कोणाचा दोरा देणे लागत नाही आणि कोणी त्याचा लागत नाही. ती दोन-अडीच हजार वर्षे मागे ढकलली असती तर मला पाहायचा होता तो सगळा ताण नाहीसा झाला असता.

आता टिटवीचा प्रसंग सांगते, कारण नियम लिहिताना मला जे सुचले नव्हते ते तिने खेळता खेळता काढले. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या वाटीत चार दाणे उरले होते. हिवर तिच्या घरी गेला, पश्चिमेच्या कडेला, भट्टीपाशी. त्याने वीस दाणे तिच्या वाटीजवळ ठेवले आणि हात पुढे केला. दोरा मागत होता.

"एवढ्याची मी चार तोटीची भांडी देते," ती म्हणाली.

"भांडी नकोत गं. आमच्याकडे आहेत."

"मग निम्मे दे. दहा दाणे घेते, दोन भांडी घे."

"अगं, मी काय सौदा करायला आलोय का? तुला कमी पडलंय म्हणून आणलं."

"तेच म्हणते मी. सौदा कर. मला तुझ्या मनगटावर यायचं नाही."

टेबलावर शांतता पसरली. हिवरपुढचा पेच खरा होता. भांडी घेतली तर दोघांचा हिशोब तिथेच मिटतो, कोणी कोणाचे देणे लागत नाही, आणि वीस दाणे जाऊनही त्याच्या घराचा दर्जा तसूभर वाढत नाही. शिवाय कोठारवाल्यांचे धान्य मडक्यांच्या मोलाने मोजले गेले ही गोष्ट गावभर होणार. भांडी नाकारून दाणे परत न्यावेत, तर उपाशी घरातून धान्य उचलून नेले असे होणार. शेवटी त्याने दाणे तिथेच ठेवले आणि दोरा न घेताच निघून गेला. टिटवीने त्यातले दहा मोजून घेतले, उरलेले दहा दुसऱ्या दिवशी दोन भांड्यांत भरून कोठाराच्या दारात नेऊन ठेवले. सगळ्या गावाने ते पाहिले. त्या सबंध कॅम्पेनमध्ये एकही लढाई याहून अटीतटीची झाली नाही.

हे सांगताना मी एक गोष्ट वगळू नये. त्या सत्रानंतर माझी मैत्रीण काही दिवस नाराज होती. पात्राला गरीब म्हणून जगावे लागते याचे तिला दुःख नव्हते. टेबलावर मात्र दर वेळी हिवर आधी बोलतो आणि ती शेवटी, हे तिला टोचत होते, आणि ते रास्त होते. खेळातला दर्जा खेळणाऱ्यांच्या अंगाला लागू द्यायचा नसतो. याचा उपाय मी थोरल्याच्या बाजूने केला. ज्याच्या मनगटावर सहाहून जास्त दोरे त्याला गावाबाहेर रात्र काढता येणार नाही, कारण कोणाचे तरी गाऱ्हाणे रोज दारात असते. आणि पाहुणा आला तर त्याला नाही म्हणता येणार नाही, कारण नाही म्हटल्यास फासा टाकून एक दोरा तुटायचा. टिटवी, खैर आणि सांबर मोकळे होते. माती शोधायला, मेंढरे चारायला, समुद्राकडून आलेल्या शंखांसाठी दूरच्या गावांना ते जात आणि निम्मी कथा त्यांच्याबरोबर गावाबाहेर जाई. हिवर घरी बसून पाहुण्यांना जव वाढत राही. दोन सत्रांनी भाऊ म्हणाला की आपल्यालाही नदी ओलांडायची आहे, आणि मैत्रिणीची नाराजी त्याच दिवशी निवळली.

तांब्याचे प्रकरण थोडक्यात आटोपते. जोर्वे या गावी धातूच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली होती, आणि १९७४ साली दायमाबादला जी चार धातुशिल्पे सापडली त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक भरते. काकांना हे ठाऊक होते, म्हणून सांबर कुऱ्हाडी साठवू लागला. तांबे नासत नाही, उंदीर खात नाहीत, तेव्हा हीच खरी संपत्ती असा त्यांचा तर्क. पण रोजचे कापणे-सोलणे सगळे गाव कॅल्सिडनी दगडाच्या पात्यांनी करत होते आणि दुष्काळात कुऱ्हाडीच्या बदल्यात दाणे द्यायला कोणी तयार होईना. शेवटी त्यांनी एक कुऱ्हाड खैरला देऊन टाकली. त्या एका दोऱ्याने पुढे त्यांचा जीव वाचला.

खेळातल्या तिसऱ्या वर्षी मी पाऊस कमी केला. इनामगावात या काळात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली आणि लोक शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर जास्त जगू लागले. आमच्या टेबलावर हे वाट्यांतून दिसले. थोरल्याच्या वाटीत सुगीला एकशे वीसऐवजी पंचेचाळीस दाणे पडले. खैरपुढे मात्र चिंचोक्यांचा ढीग होता, कारण मेंढरू कोरड्या माळावर जगते आणि ते चालते, त्यामुळे चारा असेल तिकडे नेता येते. आजवर गावाच्या कडेला बसणाऱ्या मेंढपाळाच्या मनगटावर एकेका ऋतूत दोन-दोन रंग चढू लागले. बैठकीत तो प्रथमच थोरल्याच्या आधी बोलला तेव्हा माझ्या भावाने, म्हणजे हिवरने, मान खाली घातली. त्याने ती अभिनय म्हणून घातली की खरेच, हे मी विचारले नाही.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात थोरला वारला. फाशाने मारला, मी ठरवून नव्हे. आणि त्याबरोबर असा प्रश्न उभा राहिला ज्याला आमच्या नियमांत उत्तर नव्हते: मेलेल्या माणसाच्या मनगटावरच्या दोऱ्यांचे काय करायचे? घर हिवरचे झाले, कोठारही झाले, उरलेले दाणे त्याने आपल्या वाटीत ओतून घेतले. पण दोरे म्हणजे माणसांनी एका माणसाला दिलेला शब्द होता. बराच वाद झाला. काका म्हणाले, कर्ज वारसाकडे जाते. मैत्रीण म्हणाली, ज्याला दिले त्याच्याबरोबर ते संपले. शेवटी आम्ही ठरवले की नियम करायचा नाही, प्रत्येक घराने येऊन स्वतः ठरवायचे. थोरल्याचे अकरा दोरे मी टेबलाच्या मध्ये ठेवले. एकेका घराच्या वतीने कधी मी, कधी खेळणारे बोलले. पाच घरांनी दोरा उचलून हिवरच्या मनगटावर बांधला, चार घरांनी आपला दोरा परत घेतला, आणि दोन घरे खैरकडे गेली.

मग पुरण्याचा प्रश्न आला. हिवरला चुलत्याला पावलांसकट पुरायचे होते, अंगणात, चार पायांच्या भांड्यात. गावाने त्याला होकार दिला. पाच दोऱ्यांच्या माणसाला तेवढे मागता येत होते. पण माणूस बसेल एवढे भांडे घडवणारे हात गावात एकाच व्यक्तीचे होते. हिवर पश्चिमेच्या कडेला भट्टीपाशी गेला आणि त्याने आपल्या वाटीतले तीस दाणे टिटवीपुढे ओतले.

"एवढे घे. भांडे करून दे."

तिने दाणे मोजले नाहीत. वाटी उचलून तशीच त्याच्याकडे सरकवली.

"धान्य नको," ती म्हणाली. "सौदा करायचा नाही मला या वेळी. भांडे मी करते, चार दिवसांत करते. तू दोरा दे."

माझा भाऊ तिच्याकडे पाहत राहिला. तीन वर्षांत कोठाराच्या घराने कोणालाच दोरा दिला नव्हता. त्यांच्या पिवळ्या रिळाचे वरचे वेष्टनसुद्धा कोणी काढले नव्हते. त्याने ते रीळ हातात घेतले, दातांनी वेष्टन तोडले, टोक शोधायला त्याला थोडा वेळ लागला, आणि वीतभर दोरा सोडवून त्याने तो स्वतः तिच्या मनगटावर बांधला.